किल्लीतला सेल

माझे सासरे किल्ल्या करतात. वय अडुसष्ट झालं, हात थोडे थरथरतात, पण यंत्रापुढे बसले की थरथर जाते कुठे कोण जाणे. सगळा बाजार त्यांना किल्लीनाना म्हणतो. घरी आम्ही नुसतं नाना म्हणतो.

त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं पोट आत घेऊन यावं, एवढीच. भिंतभर खिळे, खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, मधोमध किल्ली कापायचं यंत्र. त्याच जिन्याखाली शेजारी बॅगांच्या चेन दुरुस्त करणारा बसतो. दोघांच्या मधे भिंत नाही, गुडघ्याएवढ्या उंचीची एक फळी आहे. गेली वीस वर्षं त्या फळीवरून दोघं एकमेकांना टोमणे मारतायत आणि एकमेकांच्या डब्यातलं खातायत.

नानांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी "काय नाना, ओळखलं का?" म्हटलं की हे खांबासारखे उभे. पण त्या माणसानं खिशातून जुडगा काढला की लगेच, "अरे! तुमच्या मागच्या दाराचं कुलूप अजून अडकतं का हो?" सासूबाई असताना म्हणायच्या की लग्नाच्या आधी यांनी मला पाहिलंच नाही, माझ्या बापाच्या कुलपाकडे बघत बसले होते.

मी एका इस्पितळात लहान मुलांच्या विभागात नर्स आहे. लग्न होऊन या घरात आले त्याला त्या वेळी सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत नाना घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. गॅस गळत असलेल्या घराचं दार त्यांनी शांतपणे उघडून दिलेलं आहे. म्हणून त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांचा फोन आला, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, तेव्हा मी हातातलं काम तसंच टाकलं.

"नाना? काय झालं?"

"सूनबाई," ते म्हणाले, "लहान मुलानं सेल गिळला तर काय होतं गं?"

झालं होतं ते असं. ते त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

साडेअकराच्या आसपास एक तरुण बाई दुकानात आली. कडेवर मुलगी, दीड-पावणेदोन वर्षांची, पायात पिवळे बूट. बाईला घाई होती. गाडीची किल्ली दाबली तर गाडी उघडत नव्हती. किल्ली दाराला टेकवून, वरून दहा वेळा दाबून कसंबसं काम चाललं होतं. "घरी मी प्रयत्न केला काका, पण जमलं नाही," ती म्हणाली. नाना म्हणाले, "बसा दोन मिनिटं." बसायला जागा नव्हतीच. तिनं मुलीला काउंटरवर ठेवलं आणि एका हातानं धरलं.

हे काम नाना डोळे मिटून करतात. आधी किल्लीच्या पोटातलं लोखंडी पातं ओढून काढायचं. तिथं एक बारीक फट दिसते. तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि जोर न करता, नुसता मनगटानं पिळायचा. कट् असा आवाज होतो आणि किल्लीचे दोन भाग होतात. आत गोल, चपटा, रुपेरी सेल. कुठली बाजू वर आहे ते बघून ठेवायचं, काडीनं तो सेल उचकटायचा, नवा कडेला धरून बसवायचा. मधल्या पत्र्याला बोट लावायचं नाही, घाम लागतो. परत दाबलं की कट्. जुना सेल लगेच झाकणाच्या बरणीत. हा शेवटचा नियम त्यांचा स्वतःचा, आणि त्यात त्यांनी कधी कसूर केली नव्हती.

त्या दिवशी जुना सेल काढला आणि तेवढ्यात दुसरं एक गिऱ्हाईक दारातून ओरडलं, "नाना, माझं कपाटाचं कुलूप झालं का?" नानांनी सेल काउंटरवरच्या फडक्यावर ठेवला, मागे वळून कुलूप शोधलं, दिलं, परत वळले, नवा सेल बसवला. बाईनं दारात जाऊन किल्ली दाबली. रस्त्यापलीकडे एका राखाडी गाडीचे दिवे लुकलुकले. बाई हसली, मुलीला उचललं आणि गेली.

वीसेक मिनिटांनी नानांनी फडकं झटकलं. जुना सेल नव्हता.

त्यांनी बरणी पाहिली. खिसे पाहिले. काठीला लावलेला लोहचुंबक काढून सगळ्या जमिनीवरून फिरवला. स्क्रू आले, तुटकी पाती आली, सेल आला नाही. काउंटर भिंतीपासून ओढून मागे पाहिलं. मग त्यांना आठवलं की मुलगी त्या फडक्याशी खेळत होती. आणि दुकानातून जाताना तिचा हात तोंडात होता.

"अहो, गेला असेल कुठल्या फटीत," चेनवाला फळीवरून म्हणाला. "तुम्ही पण काय! कशाला विकतचं दुखणं घेताय? आणि गिळला तर गिळला, पोरं काय काय गिळतात. माझ्या भावानं गोटी गिळली होती. दुसऱ्या दिवशी आली बाहेर."

नानांनाही तसंच वाटायला हवं होतं. पण सेलच्या नव्या पाकिटावर एक चित्र असतं, रांगणारं बाळ आणि त्यावर आडवी फुली. ते पाकीट रोज हातात धरूनही त्या चित्राकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या क्षणी पाहिलं, आणि मला फोन लावला.

मी त्यांना खोटं सांगू शकले असते. मी खरं सांगितलं. म्हटलं, "नाना, पोटात उतरला तर बहुतेक वेळा निघून जातो. पण अन्ननलिकेत अडकला तर जाळतो. दोन तासांत भोक पाडू शकतो. वरून काही दिसत नाही."

"पण तो संपलेला होता गं. गाडी उघडत नव्हती त्याच्यानं."

"गाडी उघडायला पुरत नसेल. जाळायला पुरतो."

मी टेबलावरचा कागद-पेन ओढला.

"नाना, ती बाई कोण होती? नंबर आहे?"

"नाही."

"नाव?"

"मी कशाला नाव विचारतोय? किल्ली दिली, गेली."

"चेहरा आठवतोय?"

वेड्यासारखाच प्रश्न होता माझा. मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं. माझ्यासमोर एका खाटेवर सर्दी-तापाचं एक मूल निवांत झोपलं होतं, आणि गावात कुठंतरी एक अनोळखी पोर असंच निवांत दिसत असेल, तिच्या आईला काही कल्पना नसेल.

"जुडगा आठवतोय," नाना एकदम म्हणाले.

"काय?"

"गाडीच्या किल्लीबरोबर घराची किल्ली होती. दात्यांची नाही, खळग्यांची. आणि तिच्यावर माझी खूण होती, तिरकी रेघ. ती मी कापलेली आहे. थांब, थांब." ते पुटपुटत होते. "खळग्यांची कुलपं मी एकाच इमारतीत बसवलीत. पाण्याच्या टाकीमागची नवी. बाराच्या बारा दारांना."

"तिथं जा," मी म्हटलं. "आत्ता जा. मी डॉक्टरांना सांगून ठेवते."

त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं. चाळीस वर्षांत प्रथमच. चेनवाल्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि पुढचा टोमणा गिळून टाकला. "बसा मागे," म्हणाला आणि स्कूटर काढली.

स्कूटरवरची ती दहा मिनिटं नानांनी कशी काढली ते त्यांनी मला कधी धड सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की प्रत्येक चौकात मला वाटत होतं परत फिरावं. ती घरी गेली नसेल तर? घरी असली आणि पोरगी ठणठणीत असली, तर एक म्हातारा धापा टाकत दारात उभा राहून हे काय बरळतोय म्हणतील. आणि पोरगी ठणठणीत नसली तर? "खरं सांगू," ते म्हणाले, "मला त्या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटत होती, आणि तरी मी पहिल्या गोष्टीसाठी परत फिरायला निघालो होतो. माणूस असा असतो."

इमारतीच्या फाटकावर पहारेकरी होता. "कोण पाहिजे?"

"राखाडी गाडी. एक बाई, लहान मुलगी. पिवळे बूट."

पहारेकऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हात काळे, शर्टावर पितळेचा भुसा, डोळे भिरभिरलेले. "बाईचं नाव काय?"

"माहीत नाही."

"कितवा मजला?"

"माहीत नाही हो. आहे का ती घरात, एवढं सांगा."

"बाबा, निघा इथून. बाईचं नाव माहीत नाही, मुलीच्या बुटाचा रंग माहीत आहे. पोलिसांना बोलावू?"

"बोलवा," नाना म्हणाले. "पोलिसांना बोलवा, कुणालाही बोलवा, पण आधी तिला खाली बोलवा. तिच्या पोरीनं माझ्या दुकानातला सेल गिळलाय."

हे त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं की पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. पहारेकऱ्यानं निमूटपणे आतला फोन उचलला.

ती खाली आली ती रागावूनच. मुलगी कडेवर होती. नानांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, मुलीकडे पाहिलं. मुलीच्या फ्रॉकचा पुढचा सगळा भाग ओला होता.

"काका, तुम्ही घरापर्यंत आलात? काय प्रकार आहे हा?"

"हे पाणी सांडलंय का?" नानांनी विचारलं.

"लाळ आहे. दात येतायत तिला."

नानांनी मला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. माझ्या आवाजात जेवढा धीर आणता येईल तेवढा आणून मी बोलले. मी कोण, कुठून बोलते, ते सांगितलं. मग विचारलं, "घरी आल्यावर काही खाल्लं का तिनं?"

"नाही. दूध दिलं, ते ओकली. म्हटलं गाडी लागली असेल."

"खोकला?"

"मघाशी एकदा ठसका लागला." तिचा आवाज हळूहळू बारीक होत होता. "पण ती खेळतेय. ती अगदी बरी आहे."

"ताई, ती बरीच असू दे. मला खोटं ठरवा आणि उद्या येऊन मला शिव्या घाला. पण आत्ता एक एक्स-रेचा फोटो काढून घेऊ. खायला-प्यायला काही देऊ नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. घरात मध असेल तर तेवढा वाटेत चमचा चमचा द्या, आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. गिळत नसेल तर तोही नको. निघा."

गाडी तिनंच चालवली. नाना मागे मुलीजवळ बसले. मध घ्यायला ती वर गेली नाही. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतल्या बाईनं बाटली खाली आणून दिली. मुलीनं एक चमचा चाटला, दुसऱ्याला तोंड वाकडं केलं, तिसरा ओठांतून बाहेर आला. मग ती रडायला लागली, पण नेहमीसारखी भोकाड पसरून नाही. बारीक, घशातल्या घशात. नाना म्हणतात तो आवाज त्यांना अजून ऐकू येतो. आरशात आईचे डोळे सारखे मागे बघत होते. एकदा तिनं विचारलं, "काका, नक्की तिनंच घेतला का?" आणि नाना म्हणाले, "नाही, नक्की नाही. देव करो आणि मी मूर्ख ठरो."

मी इस्पितळाच्या दारात उभी होते. एक वाजून दहा मिनिटांनी मुलीचा फोटो निघाला.

नाणं गिळलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. नाणं फोटोत एका सलग पांढऱ्या चकतीसारखं दिसतं. सेलच्या कडेच्या आत आणखी एक पुसट वर्तुळ दिसतं, ताटात ताट ठेवल्यासारखं. पडद्यावर मुलीच्या गळ्याच्या हाडांखाली एक पांढरी चकती होती. मी जवळ गेले. आतलं वर्तुळ अगदी फिकट होतं, पण होतं. घशाच्या डॉक्टरांनी एकदाच मान हलवली, आणि त्यानंतर कुणी चाललं नाही, सगळे पळाले.

मुलीला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर आई एका टोकाला आणि नाना दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात तिचा नवरा आला. त्याला कुणीतरी अर्धवट सांगितलं असावं. तो सरळ नानांसमोर उभा राहिला.

"तुम्हीच का ते? लहान मूल समोर असताना सेल उघडा ठेवता? अक्कल आहे का काही?"

"चूक झाली," नाना म्हणाले.

"चूक? माझी मुलगी आत आहे!"

"होय."

"तिला काही झालं ना, तर तुमचं ते दुकान..." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. आई जागची हलली नाही. तिनं मुलीचा एक पिवळा बूट मुठीत धरला होता आणि ती त्याची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. हातात छोटी पारदर्शक डबी. "निघाला," ते म्हणाले. "वेळेवर आलात. पण जळलंय. अपेक्षेपेक्षा जरा जास्तच. पुढचे काही दिवस जपायचे. नळीतून दूध द्यायचं. जखम सेल काढल्यावरही खोल जाऊ शकते, त्यामुळे सुटलो असं मी आत्ताच म्हणणार नाही."

डबी त्यांनी माझ्याकडे दिली. नाना उठून आले आणि माझ्या हातातल्या डबीत वाकून पाहू लागले. सेलची एक बाजू काळी पडली होती. नानांनी डबी आडवी धरली, कडेनं पाहिली. मग माझा दंड धरून मला कोपऱ्यात ओढलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हा माझा नाही," ते कुजबुजले.

"म्हणजे?"

"मी काढला तो बत्तीसचा होता. जाड. हा सोळाचा आहे, निम्म्या जाडीचा. रुंदी तीच, म्हणून वरून सारखे दिसतात. त्या किल्लीत हा बसलाच नसता, खुळखुळला असता."

मला कळायला दोन क्षण लागले. आणि मला जे कळलं त्याच्या पुढचं त्यांना आधीच कळलं होतं.

"मग माझा कुठं आहे?" नाना म्हणाले. "पोरीनं दोन गिळलेत का? फोटो पोटाचाही काढलाय का?"

मी धावले. फोटो पुन्हा पडद्यावर लावला. डॉक्टरांना म्हटलं, आणखी एखादा नाही ना, एकदा बघा. मान, छाती, पोट, खाली मांड्यांपर्यंत. आम्ही दोघांनी बोट ठेवून ठेवून पाहिलं. दुसरी चकती कुठेच नव्हती. परत येऊन मी नानांना तेवढं सांगितलं.

घरी जाताना मी नानांना विचारलं, "त्या माणसाला सांगितलं का नाही? तो तुम्हाला वाटेल ते बोलत होता."

"काय सांगायचं? तुझ्या घरातला सेल आहे, माझा नाही? आणि ते त्या पोरीच्या आईसमोर?"

"मग खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून लगेच तोंडावर मारायचं असतं का? तिला आज ते पेलवणार नाही. माझं काय, मी दोन शिव्या जास्त खाल्ल्या." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आणि माझा सेल पण त्या काउंटरवर उघडाच होता ना. तिनं तो गिळला नाही, यात माझी काय हुशारी?"

पुढचे आठ दिवस आमच्या घरात कुणी पोटभर जेवलं नाही. नाना रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी इस्पितळात यायचे. आत यायचे नाहीत, दाराच्या काचेतून बघायचे. मुलीच्या नाकात नळी, हाताला सुई, हात ओढू नये म्हणून फळकुटाला बांधलेला. आई त्यांच्याकडे बघायची नाही. मला वाटायचं रागानं बघत नाही.

मला माहीत होतं ते मी कुणाशी बोलत नव्हते. या जखमा कधीकधी फसवतात. मूल हसायला लागतं, आईबाप सुटकेचा श्वास टाकतात, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी एकदम रक्त येतं. रोज कामावर आल्याबरोबर मी आधी तिची चादर बघायची. पाचव्या दिवशी सकाळी चादरीवर लाल डाग होता. मी हाक मारली ती अख्ख्या विभागानं ऐकली. डॉक्टर आले, तपासलं. नळीनं नाकाची आतली बाजू खरचटली होती, बाकी काही नव्हतं. काचेपलीकडे नाना दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते.

नवव्या दिवशी चेनवाला दुकानात फळीवरून वाकला. त्यानं चेनच्या रनरचा डबा उपडा केला होता. एक विशिष्ट माप सापडत नव्हतं म्हणून. डबा फळीलगत, काउंटरच्या अगदी पायथ्याशी असतो. "नाना," तो म्हणाला, आणि तळहात पुढे केला. तळहातावर जाड, रुपेरी, बत्तीसचा सेल. मुलीनं तो उचलला होता, आणि खेळता खेळता खाली टाकून दिला होता.

नानांनी त्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि बरणीत टाकला. 

त्याच दिवशी दुपारी ती बाई दुकानात आली, एकटी. नानांनी तिला अर्थातच ओळखलं नाही. तिनं जुडगा काउंटरवर ठेवला तेव्हा ओळखलं. आधी ते घाबरून उभेच राहिले. "काय झालं? पोरगी?"

"ती बरी आहे. आज नळी काढायचं म्हणतायत." तिनं पर्समधून एक फाटकं पाकीट काढलं. एकाच सेलचं, रिकामं. "काका, हे बघा."

नानांनी पाहिलं. वर आकडा होता, वीस-सोळा.

"आदल्या संध्याकाळी मी एका दुकानातून आणला होता. चुकीचा निघाला. म्हणून जुना परत बसवला आणि हा..." तिनं पाकीट मुठीत चुरगळलं. "हा मी गाडीत, पेला ठेवायच्या खाचेत टाकला होता. पुढच्या सीटवर बसवून मी तिचा बूट बांधत होते, तेव्हाच तिनं तो उचलला असणार. मला चौथ्या दिवशी पाकीट सापडलं. तेव्हापासून मला झोप नाही. तुमच्याकडे बघवत नाही. तुम्हाला माहीत होतं ना? डॉक्टर आले तेव्हा तुम्ही ती डबी आडवी धरून पाहिलीत. मी पाहत होते तुमच्याकडे."

"होय," नाना म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या हातात तो बूट होता," नाना म्हणाले. "त्या वेळी मला बोलवेना."

ती रडली. चेनवाल्यानं मान खाली घालून चेनमध्ये डोकं खुपसलं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

"घरी सांगायची भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "हे मला कधी माफ करणार नाहीत."

"भीती वाटायचीच. मला पण वाटली होती, त्या दिवशी स्कूटरवर." नानांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यासाठी म्हणून सांगू नका, मला त्याची गरज नाही. पण एकटीनं हे पोटात घेऊन हिंडू नका."

दीड महिन्यानं तपासणीचा दिवस होता. तोवर मुलगी पातळ खाण्यावर होती. जळलेली जागा भरताना आक्रसते, नलिका अरुंद होते, आणि मग मूल घास गिळू शकत नाही, ही शेवटची भीती उरलेली होती. डॉक्टरांचं दुर्बिणीतून पाहून झालं होतं, ते म्हणाले होते ठीक वाटतंय, पण खरं काय ते घास सांगेल. मी केळ्याचा तुकडा कापून आणला. नखाएवढा.

नाना दारातच थांबले होते. मुलीचा बाप उठला, आतली खुर्ची उचलून त्यांच्याजवळ नेऊन ठेवली आणि म्हणाला, "बसा काका." त्याची मान खाली होती, तो त्यांच्याकडे बघू शकत नव्हता. त्यावरून मला कळलं की तिनं सांगितलंय. नाना बसले नाहीत, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

आईनं तुकडा मुलीच्या तोंडात ठेवला. मुलीनं तो जिभेवर घोळवला, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. नानांचा दुसरा हात त्यांच्या स्वतःच्या गळ्याशी गेला होता.

तिच्या गळ्याची एक हालचाल झाली. ठसका लागला नाही. आम्ही वाट पाहिली. लाळ आली नाही, काही परत आलं नाही.

मग तिनं तोंड मोठं उघडून आईला दाखवलं, की बघ, संपलं, आणि माझ्या हातातल्या केळ्याकडे बोट केलं.

"अजून," ती म्हणाली.